विल्यम हर्शेल आणि न दिसणारे ऊन

मराठी घरातील पंचांग उघडले म्हणजे रवी, चंद्र, मंगळ, बुध या परिचित नावांच्या रांगेत हर्षल हे एक निराळेच नाव आढळते. जन्मपत्रिका मांडणारे ज्योतिषीही त्याचा उल्लेख करतात. पुष्कळांची अशी समजूत असते की, इतर ग्रहांच्या नावांप्रमाणे हेही आपल्या प्राचीन ग्रंथांतूनच आलेले असावे. वस्तुतः तसे नाही. हर्षल म्हणजे युरेनस हा ग्रह. आणि ज्या पुरुषाने तो शोधून काढला त्या विल्यम हर्शेलच्या आडनावाचे ते मराठी वळण होय. एका परदेशी माणसाचे नाव आपल्या पंचांगात कायमचे वस्तीला यावे, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

परंतु या लेखात मुख्यतः सांगावयाचे आहे ते त्याच्या दुसऱ्याच एका शोधाविषयी. त्या शोधासाठी त्याला प्रचंड दुर्बीण लागली नाही, की रात्रीचे आकाश लागले नाही. भर दिवसा, घरातील एका मेजावर, एक काचेचा लोलक, एक पुठ्ठा आणि तीन तापमापक एवढ्या साहित्यावर त्याने तो लावला. शाळेतील कोणाही मुलास तो प्रयोग आज करून पाहता येईल. मात्र त्या मेजापर्यंत पोहोचण्यास हर्शेलला एकसष्ट वर्षांची वाट चालावी लागली. ती वाट प्रथम पाहू.

हर्शेलचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८ रोजी जर्मनीतील हॅनोव्हर या गावी झाला. त्याचा बाप आयझॅक हा लष्करी बँडमध्ये ओबो नावाचे सनईसारखे वाद्य वाजवीत असे. घरी पैसा थोडा आणि मुले पुष्कळ. तरी बापाला विद्येची मोठी आवड होती. मुलांना संगीत शिकवावे, आणि रात्री आकाश निरभ्र असले म्हणजे त्यांना तारे दाखवावेत, असा त्याचा क्रम असे. विल्यम चौदा वर्षांचा झाला तेव्हा तोही बापाबरोबर त्याच बँडमध्ये वाजवू लागला.

१७५६ मध्ये युरोपात सप्तवार्षिक युद्धाला तोंड फुटले. दुसऱ्या वर्षी, जुलै १७५७ मध्ये, हॅस्टनबेक येथे हॅनोव्हरच्या सैन्याचा फ्रेंचांकडून पराभव झाला. त्या धामधुमीत लष्करात राहण्यात आता मुलाचे हित नाही, असे बापाने ओळखले. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस विल्यम व त्याचा वडील भाऊ याकोब हे दोघे इंग्लंडला निघून गेले. तेव्हा विल्यम एकोणीस वर्षांचा होता. प्रारंभी लंडनमध्ये इतरांच्या संगीतलिपीच्या नकला करून देण्याचे काम त्याने पत्करले. पुढे उत्तर इंग्लंडमधील गावोगावी त्याने वाद्यवृंद बसविले, शिकवण्या केल्या आणि स्वतः संगीतरचना केल्या. त्याने चोवीस सिंफनी लिहिल्या. १७६६ मध्ये बाथ या शहरी ऑक्टॅगन चॅपेल नावाच्या प्रार्थनामंदिरात त्यास ऑर्गनवादकाची जागा मिळाली आणि त्याची स्थिती सुधारली.

संगीत शिकता शिकता माणूस ज्योतिर्विद कसा झाला, हा प्रश्न साहजिकच मनात येतो. त्याचे उत्तर वाचनात आहे. संगीतातील स्वरांचे गणित समजून घ्यावे म्हणून हर्शेलने रॉबर्ट स्मिथ या विद्वानाचा स्वरशास्त्रावरील ग्रंथ वाचला. त्याच लेखकाचा प्रकाशशास्त्रावरही एक ग्रंथ होता. तोही त्याने हाती घेतला. त्यात दुर्बिणी कशा करावयाच्या याची माहिती होती. दिवसभर शिकवण्या करून दमलेला हा संगीतशिक्षक रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ही पुस्तके वाची. १७७३ मध्ये, पस्तिशी गाठत असता, त्याने भिंगे विकत आणून दुर्बिणी जुळवावयास आरंभ केला. मोठी दुर्बीण विकत घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा त्याने ठरविले की, आपणच आरसे ओतावेत, आपणच घासावेत आणि आपणच दुर्बीण उभी करावी.

या कामी त्यास साहाय्य लाभले ते धाकटी बहीण कॅरोलाइन हिचे. कॅरोलाइनचा जन्म १६ मार्च १७५० चा. लहानपणी विषमज्वरासारख्या एका दुखण्याने तिची वाढ खुंटली आणि उंची जेमतेम सव्वाचार फूट राहिली. हिचे लग्न होणार नाही, तेव्हा हिने घरकाम करावे, शिकण्याची आवश्यकता नाही, असे घरच्यांनी ठरवून टाकले होते. १७७२ मध्ये विल्यमने तिला हॅनोव्हरहून बाथला आणले. त्याने तिला गायन शिकविले, गणित शिकविले, हिशेब शिकविला. पुढे याच मुलीने आठ धूमकेतू शोधले. आणि १७८७ पासून राजाकडून तिला वर्षाला पन्नास पौंड वेतन मिळू लागले. शास्त्रीय कार्यासाठी इंग्लंडमध्ये वेतन मिळविणारी ती पहिलीच स्त्री मानली जाते.

हर्शेलच्या घराला त्या काळी घर म्हणावे की कारखाना, असा प्रश्न पडावा अशी स्थिती होती. त्या काळचे दुर्बिणीचे आरसे काचेचे नसत. तांबे व कथील यांच्या मिश्रधातूचा रस साच्यात ओतून ते करीत. साच्यासाठी माती आणि घोड्याची लीद कुटून, चाळून एकजीव करावी लागे, आणि हे काम कॅरोलाइनच्या वाट्याला येई. आरसा ओतल्यावर तो घासून गुळगुळीत करणे हे त्याहून कठीण. एकदा घासण्यास प्रारंभ केल्यावर शेवटपर्यंत हात उचलावयाचा नाही, नाही तर आरशाचा आकार बिघडे. एके प्रसंगी हर्शेल सलग सोळा तास आरसा घाशीत होता आणि कॅरोलाइन त्याच्या तोंडात घास भरवीत होती. मधून मधून ती त्याला अरबी भाषेतील सुरस कथाही वाचून दाखवी.

कधी अपघातही होत. १७८१ च्या ऑगस्टमध्ये तीन फूट व्यासाचा आरसा ओतण्याचा त्यांचा बेत होता. भट्टी फुटली, आणि तापलेला धातुरस फरशीवर पसरला. त्या उष्णतेने दगडी फरशा फुटून त्यांचे तुकडे छतापर्यंत उडाले. विल्यम, त्याचा भाऊ अलेक्झांडर आणि कामकरी जीव घेऊन बाहेर पळाले. १७८३ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री, बर्फावरून दुर्बिणीकडे घाईने धावत असता, कॅरोलाइनच्या मांडीत लोखंडी आकडा घुसला आणि तिला मोठी जखम झाली. ही भावंडे आराम करीत असता त्यांना यश आपोआप चालून आले असे कोणी समजू नये, म्हणून या गोष्टी येथे नमूद केल्या.

त्या भट्टीच्या अपघातापूर्वी पाच महिने, १३ मार्च १७८१ रोजी रात्री, बाथ येथील आपल्या घरामागील बागेत हर्शेल स्वतः केलेल्या सात फुटी दुर्बिणीतून तारे न्याहाळीत होता. मिथुन राशीच्या बाजूस एक तारा त्यास वेगळा वाटला. तारा दुर्बिणीतून पाहिला तरी बिंदूच दिसावयाचा. हा मात्र बारीकशा तबकडीसारखा दिसत होता, आणि अधिक शक्तीचे भिंग लावल्यास ती तबकडी मोठी होत होती. पुढच्या काही रात्रींत ती जागाही बदलते आहे असे दिसले. प्रथम त्यास तो धूमकेतू वाटला. परंतु इतर देशांतील गणितज्ञांनी त्याचा मार्ग मांडून पाहिला, तेव्हा तो सूर्याभोवती जवळजवळ वर्तुळाकार कक्षेत फिरणारा ग्रह आहे असे ठरले. सूर्यापासून तो पृथ्वीच्या एकोणीसपट अंतरावर असून त्याची एक प्रदक्षिणा चौऱ्याऐंशी वर्षांत होते. मनुष्य डोळ्यांनी पाहत आलेल्या ग्रहांत इतक्या सहस्रकांनंतर प्रथमच एकाची भर पडली. हर्शेलला रॉयल सोसायटीचे सभासदत्व व कॉप्ली पदक मिळाले. तिसऱ्या जॉर्ज राजाने त्यास वर्षाला दोनशे पौंडांची नेमणूक करून दिली. संगीताच्या शिकवण्या सुटल्या, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर तो पूर्णपणे ज्योतिर्विद झाला.

पुढे स्लाऊ या गावी राहून त्याने चाळीस फूट लांबीची प्रचंड दुर्बीण उभारली. युरेनसचे दोन उपग्रह त्याने १७८७ मध्ये शोधले आणि शनीचे दोन १७८९ मध्ये. सुमारे अडीच हजार तेजोमेघ व तारकापुंज यांची त्याने यादी केली. असो. या सर्व कार्याचे वर्णन करू लागल्यास एक ग्रंथ व्हावयाचा. आपल्याला वळावयाचे आहे ते १८०० सालाकडे.

हर्शेल रात्री तारे पाही, तसा दिवसा सूर्यही पाही. सूर्याकडे दुर्बिणीतून पाहणे अत्यंत धोक्याचे. त्यामुळे प्रकाश कमी करण्यासाठी तो निरनिराळ्या रंगांच्या काळसर काचा दुर्बिणीपुढे धरी. (विद्यार्थिमित्रांनी हे कदापि करू नये, असल्या काचांनी डोळ्यांचे रक्षण होत नाही, हे आज पक्के ठाऊक आहे.) या काचा वापरताना त्याच्या ध्यानी एक चमत्कारिक गोष्ट आली. काही काचांतून प्रकाश अगदी थोडा येई, पण डोळ्याला चटका बसण्याइतकी उष्णता भासे. उलट काही काचांतून प्रकाश पुष्कळ येई, पण उष्णता नाममात्र. दुसऱ्या एखाद्याने मनाशी म्हटले असते की, काच चांगली नाही, दुसरी घ्यावी. हर्शेलच्या मनात मात्र प्रश्न उभा राहिला : उन्हातील निरनिराळ्या रंगांच्या अंगी निरनिराळी उष्णता असेल काय?

हा प्रश्न तर्काने सुटण्याजोगा नव्हता. तो मोजूनच सोडवावा लागणार होता. सूर्यप्रकाश लोलकातून गेला असता तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा व जांभळा असे रंग पसरतात, हे न्यूटनने शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीच दाखविले होते. हर्शेलने खिडकीच्या वरच्या भागात लोलक बसविला आणि त्यातून निघालेला वर्णपट मेजावर पाडला. नंतर एका पुठ्ठ्याला अरुंद फट पाडून त्या फटीतून एका वेळी एकच रंग खाली जाईल अशी योजना केली. फटीखाली एका तापमापकाचा फुगा ठेवला. फुगा काळा केलेला होता, कारण काळी वस्तू आपल्यावर पडणारी उष्णता अधिक शोषून घेते. आणखी दोन तापमापक त्याने शेजारीच, पण रंगाच्या बाहेर, सावलीत ठेवले. हे दोन कशासाठी? खोलीतील हवाच तापत असेल, तर तीही मोजली जावी यासाठी. रंगातील तापमापक जितका चढला त्यातून सावलीतील तापमापकाची चढ वजा केली, म्हणजे जे उरते तेच त्या रंगाचे खरे श्रेय. प्रयोगाची सारी प्रामाणिकता या दोन मुक्या साक्षीदारांवर उभी होती.

प्रत्येक रंगात काही मिनिटे थांबून हर्शेलने आकडे टिपले. जांभळ्या रंगात तापमापक सरासरी २ अंश चढला, हिरव्यात सव्वातीन अंश आणि तांबड्यात जवळजवळ सात अंश. हे अंश फॅरनहाइट मापाचे आहेत. आपल्या सेल्सिअस मापात ते अनुक्रमे सुमारे १.१, १.८ आणि ३.८ होतात. म्हणजे जांभळ्याकडून तांबड्याकडे जावे तसतशी उष्णता वाढत जाते, असे ठरले. डोळ्यास सर्वांत तेजस्वी दिसतो तो पिवळा-हिरवा भाग. तापमापकाने मात्र कौल दिला तो तांबड्याला. डोळा आणि तापमापक यांचे एकमत होईना.

येथेच प्रयोग संपविला असता तरी कोणी नावे ठेविली नसती. रंग संपले होते, आकडे मिळाले होते. परंतु त्या आकड्यांकडे पाहून हर्शेलच्या मनात निराळाच विचार आला. उष्णता तांबड्याच्या टोकापर्यंत वाढतच चालली आहे. ती त्या टोकावर एकाएकी शून्य कशी होईल? दिसणाऱ्या रंगाच्या सीमेशी उष्णतेला काय कर्तव्य? म्हणून त्याने तापमापक वर्णपटाच्या बाहेर, तांबड्याच्याही पलीकडे, जेथे डोळ्यास केवळ मेजाचा रिकामा पृष्ठभाग दिसत होता तेथे ठेवला. प्रथम अर्ध्या इंचावर, मग एक इंचावर, मग दीड इंचावर. तिन्ही ठिकाणी पारा चढला. आणि सर्वाधिक उष्णता दिसणाऱ्या रंगांत कोठेच नसून तांबड्याच्या बाहेर, त्या रिकाम्या वाटणाऱ्या जागेत आहे, असा निष्कर्ष निघाला. जांभळ्याच्या पलीकडे मात्र तापमापक हालला नाही.

सूर्यापासून प्रकाशाबरोबर दुसरेही काही येते. ते आपल्याला दिसत नाही, पण लोलकातून ते प्रकाशाप्रमाणेच वाकते. ही गोष्ट मनुष्यजातीस प्रथम कळली ती त्या मेजावर. १८०० सालच्या वसंत ऋतूत हर्शेलने आपले निबंध रॉयल सोसायटीपुढे सादर केले. आज त्या किरणांस आपण अवरक्त किरण म्हणतो. हे नाव हर्शेलने दिलेले नाही. ते पुष्कळ नंतरचे. दुसऱ्याच वर्षी, १८०१ मध्ये, जर्मनीतील योहान रिटर याने जांभळ्याच्या पलीकडेही शोध घेतला. तापमापक तेथे मुका राहिला होता. रिटरने चांदीचे क्षार वापरले. ते प्रकाशाने काळे पडतात. आणि जांभळ्याच्या बाहेर ते अधिक लवकर काळे पडले. ते अतिनील किरण. अशा रीतीने अवघ्या एका वर्षात वर्णपटाच्या दोन्ही बाजूंच्या भिंती पडल्या.

हर्शेल मात्र येथे थांबला नाही. उन्हातील ही उष्णता आणि चुलीतील विस्तवाची, मेणबत्तीची, तापलेल्या लोखंडाची उष्णता एकाच जातीची आहे काय, हे त्याने एकेक पदार्थ घेऊन तपासले. आरशाने ती परत फिरते आणि भिंगाने एकत्र होते असे त्यास आढळले. निरनिराळ्या काचा व द्रव पदार्थ ही उष्णता किती अडवितात, तेही त्याने मोजले.

या शोधाला विरोधही झाला. स्कॉटलंडमधील जॉन लेस्ली या नामांकित पदार्थविज्ञानवेत्त्याने हे सारे नाकारले. तांबड्याच्या बाहेर जे काही भासते ते तापलेल्या हवेचे काम, असे त्याचे म्हणणे होते. शास्त्रात अशा आक्षेपाला रागाने उत्तर देऊन भागत नाही. दुसऱ्याने तोच प्रयोग करून पाहावा लागतो. सर हेन्री एंगलफील्ड याने तो करून पाहिला आणि त्यासही तांबड्याच्या पलीकडे उष्णता आढळली.

आता हर्शेलच्या बाजूची उणीवही सांगितली पाहिजे, नाही तर चरित्राचे स्तोत्र होते. प्रारंभी त्याचे मत असे होते की, उष्णकिरण आणि प्रकाशकिरण हे मुळात एकच. काही डोळ्यास दिसतात, काही दिसत नाहीत, एवढाच भेद. परंतु पुढे काचांचे प्रयोग करता करता त्यास दिसले की, एखादी काच प्रकाश जितका अडविते तितकीच उष्णता अडवीत नाही. त्यावरून १८०० च्या अखेरीस तो उलट मताकडे झुकला : प्रकाश निराळा आणि उष्णता निराळी. हे मत चुकीचे होते. पुढील पन्नास वर्षांत इटलीतील मेलोनी आणि इतर शोधकांनी सूक्ष्म उपकरणे वापरून दाखविले की, दोहोंची जात एकच आहे. प्रकाश आणि अवरक्त किरण दोन्ही लहरी आहेत. अवरक्त किरणांच्या लहरींची लांबी दिसणाऱ्या प्रकाशापेक्षा अधिक, एवढाच फरक. हर्शेलचा पहिला तर्क बरोबर होता आणि दुसरा चुकला. पण त्याने टिपलेले आकडे खोटे ठरले नाहीत. त्याने ते आपल्या मताला जुळतील असे वळविले नव्हते, म्हणूनच पुढच्यांना त्यांवरून खरे मत बांधता आले. सूर्यावर प्राण्यांची वस्ती असावी, असाही त्याचा एक तर्क होता. तो आज कोणी मानीत नाही. थोर मनुष्याचे सर्वच विचार थोर नसतात. त्याने नीट मोजून ठेवलेले मात्र टिकते.

आणखी एक गोष्ट. सूर्याची सर्वाधिक शक्ती तांबड्याच्या बाहेरच आहे, असे हर्शेलच्या आकड्यांवरून कोणास वाटेल. तसे अगदी नाही. काचेचा लोलक जांभळ्याकडचे रंग ऐसपैस पसरतो आणि तांबड्याकडचे दाटीवाटीने ठेवतो. त्यामुळे तांबड्याच्या बाजूस तेवढ्याच जागेत अधिक किरण पडतात. तरीही मूळ गोष्ट खरी आहे : जमिनीवर पोहोचणाऱ्या उन्हातील जवळजवळ निम्मी शक्ती आपल्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची असते. आपण ज्यास ऊन म्हणतो त्यातील अर्धे ऊन आपण पाहिलेलेच नाही.

ज्या विद्यार्थ्यांस हे स्वतः अनुभवावयाचे असेल, त्यांनी पुढील प्रयोग वडीलधाऱ्या माणसांच्या देखरेखीखाली अवश्य करावा. वर उघडा असलेला एक पुठ्ठ्याचा खोका घ्यावा आणि तळाशी पांढरा कागद चिकटवावा. खोक्याच्या वरच्या काठावर काचेचा लोलक असा बसवावा की, उन्हात ठेवल्यावर सात रंगांचा पट्टा खोक्यातील सावलीत कागदावर पडेल. लोलक हळूहळू फिरवून पट्टा जितका रुंद मिळेल तितका घ्यावा. शाळेच्या प्रयोगशाळेतील चार साधे तापमापक घेऊन त्यांचे फुगे काळ्या रंगाने रंगवावेत. तापाच्या दुखण्यात वापरतात तो तापमापक येथे चालत नाही. त्याची रेषा एकदा चढली की झटकल्यावाचून उतरत नाही. प्रथम चौघांचेही अंश सावलीत टिपावेत. नंतर एक निळ्या रंगात, एक पिवळ्यात, एक तांबड्याच्या किंचित बाहेर, आणि चौथा सर्व रंगांपासून दूर, खोक्यातीलच सावलीत ठेवावा. चौथा हा आपला साक्षीदार. दर मिनिटाला, तापमापक न हालविता, पाच मिनिटेपर्यंत अंश लिहीत जावे. सूर्य सरकतो तसा रंगांचा पट्टाही सरकतो, तिकडे लक्ष ठेवावे. लोलकातून किंवा आरशातून सूर्याकडे कधीही पाहू नये.

लोलक नसेल तर परातीत पाणी घेऊन त्यात तिरपा आरसा बुडविल्यासही भिंतीवर इंद्रधनुष्य पडते. ते सुंदर दिसते. परंतु पाणी अवरक्त किरणांपैकी पुष्कळ गिळून टाकते, म्हणून उष्णतेच्या मापनास काचेचा लोलकच बरा. याहून सोपा अनुभव घरोघरी आहे. चुलीवरून उतरविलेला तवा अंधारात मुळीच दिसत नाही, पण हात बाजूला, चार बोटे अंतरावर धरला तरी त्याची धग लागते. गरम हवा वर जाते. बाजूला येते ती धग मुख्यतः याच न दिसणाऱ्या किरणांची. हर्शेलने विस्तवापुढे जे तपासले तेच आपली आई रोज स्वयंपाकघरात अनुभवते.

या किरणांचा पुढे झालेला उपयोग पाहिला म्हणजे मन थक्क होते. दूरचित्रवाणीचा संच दुरून चालू करणारी कळपेटी याच किरणांनी आज्ञा पाठविते. २०२० साली करोनाच्या साथीत कपाळाला न शिवता ताप मोजणारे यंत्र दाराशी धरीत, ते कपाळातून निघणारे अवरक्त किरणच मोजीत असे. युरोपीय अवकाश संस्थेने २००९ मध्ये अवरक्त किरणांनी आकाश पाहणारी एक दुर्बीण अवकाशात पाठविली व तिला हर्शेलचेच नाव दिले. २०१३ पर्यंत तिने काम केले. २०२१ च्या २५ डिसेंबरला निघालेली जेम्स वेब ही दुर्बीणही मुख्यतः याच किरणांनी पाहते. धुळीच्या मेघांआड जन्मणारे तारे तीमुळे दिसू लागले. मेजावर अर्धा इंच सरकविलेल्या तापमापकाची ही परंपरा आहे.

हर्शेलने १७८८ मध्ये विवाह केला. त्याचा मुलगा जॉन हाही पुढे मोठा ज्योतिर्विद झाला. लंडनची ज्योतिषविषयक संस्था स्थापन झाल्यावर तिचे पहिले अध्यक्षपद विल्यमकडे आले. २५ ऑगस्ट १८२२ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, स्लाऊ येथे त्याचे देहावसान झाले. कॅरोलाइन हॅनोव्हरला परतली. तेथे तिने भावाने शोधलेल्या तेजोमेघांची यादी नीट लावून दिली, आणि त्यासाठी १८२८ मध्ये तिला त्याच संस्थेचे सुवर्णपदक मिळाले. १८४८ मध्ये सत्त्याण्णव वर्षांची होऊन तीही गेली. साच्यासाठी लीद चाळणाऱ्या त्या हातांचा वाटा हर्शेलच्या प्रत्येक शोधात आहे, हे विसरता कामा नये.

पंचांगात हर्षल हे नाव दिसेल तेव्हा या भावंडांचे स्मरण करावे. आणि आपल्या शाळेच्या व्हरांड्यात तो खोका मांडून बसाल, तेव्हा रंगांच्या बाहेर, जेथे काहीच नाही असे वाटते तेथे, एक तापमापक ठेवण्यास चुकू नये. जो आकडा येईल तो वहीत लिहावा. तो अपेक्षेप्रमाणे आला नाही, तर खोडू नये. पुन्हा ऊन येईल तेव्हा पुन्हा मोजावे.